पुडीला नाव हवे

‘स्टिरॉइड’ हा शब्द आपल्या घरांतून जवळजवळ शिवीसारखा वापरला जातो. डॉक्टरांनी तो उच्चारला की माणसे खुर्चीतून अर्धी उठतात. “तसलं काही नको हो डॉक्टर, साधं काहीतरी द्या,” म्हणतात आणि चिठ्ठी खिशात घालून घरी येतात. हीच माणसे पुढच्या बाजाराच्या दिवशी रस्त्याकडेला सतरंजी पसरून बसलेल्या औषधवाल्याकडून कागदात बांधलेल्या तीस पुड्या आणतात. त्या पुडीवर नाव नसते, मात्रा नसते, आत काय आहे याचा एक अक्षराने उल्लेख नसतो. तिची मात्र कोणाला भीती वाटत नाही, कारण ती ‘झाडपाल्याची’ असते. मला या दुटप्पीपणाशी भांडायचे आहे. भांडण पुडीवाल्याशी आहे आणि स्टिरॉइड म्हणजे विष असे छातीठोकपणे सांगणाऱ्या सुशिक्षितांशीही आहे.

माझी आत्या खानापूर तालुक्यातली. पन्नाशीत तिच्या बोटांचे सांधे सुजू लागले. सकाळी दीड-दोन तास मूठ वळत नसे, भाकरी थापणे बंद झाले. बेळगावच्या डॉक्टरांनी आमवात म्हणून निदान केले आणि औषधे लिहून दिली. त्यांत प्रेडनिसोलोन होते. कोणीतरी ते नाव वाचून “हे स्टिरॉइड हाय” म्हणाले आणि सगळी चिठ्ठीच बासनात गेली. त्याऐवजी पुडी आली. तिसऱ्या दिवशी आत्या माडीवर चढली. “बरं वाटालंय की मला!” असे तिने साऱ्या गल्लीला सांगितले आणि गल्लीतली आणखी चार गुडघेदुखीची माणसे त्या पुडीला लागली. वर्षभरात आत्याचा चेहरा वाटोळा झाला, गाल वर आले. पाहुणे म्हणत, तब्येत सुधारली. हातापायांवर जरा धक्का लागला तरी निळे डाग उठत. साखर वाढली. तिचा संबंध पुडीशी कोणी लावला नाही.

चौथ्या वर्षी पावसाळ्यात पुडीवाला यायचा थांबला. आठवड्याच्या आत आत्याला उलट्या सुरू झाल्या, अंगातले बळ गेले, उठून बसवले तर डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली. रुग्णालयात नेले तेव्हा रक्तदाब हाताला लागत नव्हता. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी आधी कानडीत, मग हिंदीत आणि मग मोडक्या मराठीत एकच प्रश्न विचारला: या काय घेत होत्या? आम्ही पाच माणसे उभी होतो आणि एकालाही उत्तर देता येईना. भाषेची अडचण नव्हती. आम्हाला उत्तरच ठाऊक नव्हते. बाईंनी चेहरा पाहिला, कातडी पाहिली, पोटावरचे जांभळे पट्टे पाहिले आणि हायड्रोकॉर्टिसोनचे इंजेक्शन व सलाईन सुरू केले. संध्याकाळी आत्याने चहा मागितला. नंतर अहवाल आला, त्यात तिच्या रक्तातले स्वतःचे कॉर्टिसॉल नगण्य होते. जे औषध नको म्हणून घरी परतलो होतो, तेच ती चार वर्षे नकळत घेत होती आणि शेवटी वाचवलेही त्यानेच.

हा जादूटोणा नाही. आपल्या मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या दोन अधिवृक्क ग्रंथी असतात. त्या रोज जितके कॉर्टिसॉल तयार करतात त्याचे काम साधारण ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन करू शकते. बाहेरून त्याहून अधिक औषध आठवडेच्या आठवडे येत राहिले की या ग्रंथी झोपी जातात. औषध एकाएकी बंद केले तर त्या लगेच जाग्या होत नाहीत, कधीकधी त्याला महिने लागतात. तेवढ्या काळात ताप आला, हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली तर शरीराजवळ झुंजायला काही उरत नाही. अमेरिकेत १९५२ साली असा एक मृत्यू वैद्यक नियतकालिकात नोंदला गेला. आमवाताच्या रुग्णाचे कॉर्टिसोन शस्त्रक्रियेआधी थांबवले होते. म्हणजे ही गोष्ट सत्तर वर्षांहून अधिक काळ जगाला ठाऊक आहे. आमच्या गल्लीला ठाऊक नव्हती.

पुडीने जी किमया केली तीही जुनीच. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच या डॉक्टरांनी सप्टेंबर १९४८ मध्ये आमवाताने जखडलेल्या एका २९ वर्षांच्या स्त्रीला कॉर्टिसोनची इंजेक्शने दिली. काही दिवसांत ती चालू लागली आणि आठवड्याभरात बाजारात खरेदीला गेली. १९५० साली हेंच, केंडाल आणि राइशस्टाइन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु औषध थांबवले की दुखणे परत येते, हे हेंच यांनी सुरुवातीलाच पाहिले होते. पुढच्या चार-पाच वर्षांत मोठ्या मात्रांचे दुष्परिणामही उघडे पडले. त्या डॉक्टरांनी जे पाहिले ते लिहून ठेवले. पुडीवाला फक्त पहिला आठवडा दाखवतो.

आता दुसऱ्या बाजूकडे वळतो, कारण आत्याची गोष्ट ऐकून “बघा, आम्ही म्हणत नव्हतो?” म्हणणारे पुष्कळ भेटले. त्यांना माझा प्रश्न आहे. ल्युपस हा आजार बहुधा ऐन तारुण्यातल्या मुलींना गाठतो. शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच मूत्रपिंडांवर, फुप्फुसांवर, कधी मेंदूवर उलटते. १९५५ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत चार वर्षांनंतर निम्मेच रुग्ण हयात होते. आज प्रगत देशांत दहा वर्षांनंतरही दहांपैकी सुमारे नऊ जण जगतात. हे श्रेय एकट्या स्टिरॉइडचे नाही. डायलिसिस, जंतुनाशके, हायड्रॉक्सिक्लोरोक्विनसारखी इतर औषधे यांचाही त्यात वाटा आहे. पण मूत्रपिंडे पेटलेली असताना पहिल्या आठवड्यात आग विझवायला त्याच्याइतके हाताशी दुसरे काही नसते. म्हातारपणी कानशिलाजवळच्या रक्तवाहिनीला सूज येण्याचा एक आजार आहे. त्यात डोकेदुखी होते, चावताना जबडा दुखतो, आणि उपचाराला उशीर झाला तर दृष्टी कायमची जाते. तिथे तपासणीच्या अहवालाची वाट न पाहता त्याच दिवशी स्टिरॉइड सुरू करतात. अशा घरी जाऊन “विष आहे, घेऊ नका” म्हणणाऱ्याने त्या माणसाच्या डोळ्यांची जबाबदारी घ्यावी.

आमवाताची गोष्ट यापेक्षा बारीक आहे, आणि तिथे डॉक्टरांतही एकमत नाही. आठवड्यातून एकदाच घ्यायच्या मेथोट्रेक्सेटला गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात. (एकदाच, रोज नव्हे. ही चूक जिवावर बेतते.) तोवर थोडे स्टिरॉइड पुलासारखे वापरतात. युरोपातील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ मध्ये सांगितले की हा पूल शक्य तितक्या लवकर, साधारण तीन महिन्यांत काढून घ्यावा. त्याच वर्षी ६५ वर्षांवरील ४५१ रुग्णांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. रोज ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन दोन वर्षे दिल्यावर सांधे कमी झिजले, दुखणे उतरले, आणि दुष्परिणाम, मुख्यतः जंतुसंसर्ग, सुमारे चोवीस टक्क्यांनी अधिक आढळले. लाभ आणि तोटा एकाच ताटात. माझे मत विचाराल तर निर्णय रुग्णाने डॉक्टरांसमोर बसून करावा. पण त्यासाठी ताटात काय आहे ते दिसायला हवे. वयोमानाने झिजलेल्या गुडघ्याला तर ही गोळी लांबणीवर घेण्याचे कारणच नाही, आणि बाजारातल्या पुड्यांचे बहुतेक गिऱ्हाईक याच गुडघ्यांचे असते.

तोटे लहान नाहीत, हेही सांगतो. हाडे पोकळ होतात, आणि ते पहिल्या काही महिन्यांतच सुरू होते. म्हणून तीन महिन्यांहून अधिक गोळ्या घ्यायच्या असतील तर कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि गरजेप्रमाणे हाडांचे औषध आरंभापासूनच लागते. साखर आणि रक्तदाब चढतो, मोतीबिंदू लवकर होतो, खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटू शकतो. आपल्याकडे अंगात झोपलेला क्षय पुष्कळांना असतो, तो जागा होतो. २०२१ ची काळ्या बुरशीची साथ कोण विसरेल? त्याच्या आदल्या वर्षी इंग्लंडमधील चाचणीने दाखवले होते की प्राणवायू लागणाऱ्या करोना रुग्णांना रोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन दहा दिवसांपर्यंत दिले तर जीव वाचतात. आपण ते घरबसल्या, ताप आला म्हणून, मधुमेह न तपासता, हवे तितके दिवस खाल्ले. औषध एकच होते.

ही गोळी चिठ्ठीशिवाय विकू नये असा कायदा आहे. तो पाळला जात नाही हे दुकानदारही जाणतो आणि आपणही. डेक्सामेथासोनची अर्ध्या मिलिग्रॅमची इवलीशी गोळी सुमारे ३ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनच्या तोडीची असते. ती कुटून राखेत मिसळली तर कोणाला कळणार?

ब्रिटनमध्ये २०२० पासून दीर्घकाळ स्टिरॉइड घेणाऱ्यांना खिशात ठेवायचे एक तातडीचे कार्ड देतात. औषध एकाएकी बंद करू नये, आजारपणात मात्रा वाढवावी लागते आणि उलट्या होत असतील तर इंजेक्शन द्यावे, हे बेशुद्ध माणसाच्या वतीने ते कार्ड सांगते. आपल्या जिल्ह्यात हे अशक्य आहे काय? १९५६ पासून आपण भाषेसाठी मोर्चे काढले, लाठ्या खाल्ल्या, दुकानांच्या पाट्यांवरून गावे बंद ठेवली. त्यातले काहीही मी खोटे म्हणत नाही. परंतु गोळीच्या पाकिटावरचे नाव आपल्या आईला वाचता यावे म्हणून आपण एकदाही कोणाच्या दारात उभे राहिलो नाही. माझा हट्ट केवळ मराठीचाही नाही. एका बाजूस कानडी, दुसऱ्या बाजूस मराठी, एवढेसे पुठ्ठ्याचे कार्ड. तालुक्याच्या डॉक्टरांनी ठरवले तर एका छापखान्याचे एका दिवसाचे काम आहे.

आत्याचे कार्ड मी हाताने केले. तिच्या ग्रंथी अजून पुरत्या जाग्या झालेल्या नाहीत, ५ मिलिग्रॅम चालू आहे, आणि खुब्याचे दुखणे जन्माचे लागले आहे. कार्ड तिच्या बटव्यात पानसुपारीशेजारी असते. गेल्या महिन्यात बाजारात नवा पुडीवाला आला. आत्या काठी टेकत गेली, पुडी हातात घेतली आणि विचारले, “हेसरेनु?” तो हसला. “औषधक्क हेसर याक बेक अज्जी?” औषधाला नाव कशाला हवे, आजी. आत्याने पुडी सतरंजीवर परत ठेवली आणि मागे उभ्या असलेल्या बायकांना त्याचे उत्तर मराठीत मोठ्याने सांगितले.