पिशवी काढण्याआधी

"आपा, पाळी बारा-बारा दिवस जाते. डॉक्टर म्हणाले, पिशवी काढून टाका. मुलं झालीच आहेत, आता तिचं काय काम?" बुवापाड्यातल्या आमच्या शेजारच्या बाजी हे अगदी हळू आवाजात बोलल्या. हिमोग्लोबिन 7. जिना चढताना धाप.

हनफी घरांत दहा दिवसांपुढचा, शाफई कोकणी घरांत पंधरा दिवसांपुढचा रक्तस्राव इस्तिहाजा धरतात. त्यात नमाज-रोजा सुटत नाही. एवढं आपल्या बायकांना पाठ असतं. त्यावर इलाजही असतो, हे मात्र कुणी बोलत नाही.

2019 मध्ये बीड जिल्ह्यात ऊसतोड बायकांची सरकारी पाहणी झाली. सुमारे 82 हजारांपैकी 13 हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली होती, चाळिशीच्या आतल्याही कितीतरी. पाळीत खाडा पडला की दंड, वर कॅन्सरची भीती. इतकी सोपी झाली होती ती शस्त्रक्रिया!

आम्ही शाळेत शिकवतो, डॉक्टर नाही. पण विचारून-वाचून बाजींना मधला रस्ता सांगितला. आधी गोळ्या, किंवा हार्मोनची तांबी. त्यानेही भागलं नाही तर अ‍ॅब्लेशन, म्हणजे पिशवी जागेवर ठेवून आतलं अस्तर तेवढं जाळणं. जुन्या पद्धतीत दुर्बीण घालून तारेच्या कड्याने अस्तर खरवडतात. त्याला बहुधा पूर्ण भूल लागते, हात सराईत हवा, आत सोडलेलं पाणी रक्तात जास्त शोषलं जाण्याचा धोकाही असतो. मात्र डॉक्टरांना आतलं दिसतं, लहान गाठ त्याच वेळी निघते. नव्या पद्धतीत गरम पाण्याचा फुगा आठेक मिनिटं, किंवा रेडिओलहरींची जाळी दोनेक मिनिटं. काम झटपट, पण साधन एकदाच वापरायचं, म्हणून महाग, आणि गाठींनी पिशवीचा आकार बिघडला असेल तर फुगा नीट बसत नाही. रक्तस्राव कमी होण्यात दोन्ही जवळपास सारख्याच. काहींना पुढे पिशवी काढावी लागतेच.

पुन्हा मूल हवं असेल तर हा रस्ता नाही. नंतर दिवस गेले तर जिवाला धोका, म्हणून संततिनियमन चालू ठेवावंच लागतं. हे भाईजानसमोर सांगितलं, कारण ती जबाबदारी एकट्या बाजींची नाही.

"सोनोग्राफी झाली. अस्तराचा तुकडा तपासला का?" आम्ही विचारलं. नव्हता तपासला. कॅन्सर नाही याची खात्री त्याशिवाय कशी होणार? दोघं दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. रिपोर्ट जुमेरातीला येईल. तोवर बाजींच्या लोहाच्या गोळ्या चालू आहेत, चहाबरोबर नव्हे, लिंबूपाण्याबरोबर.