माध्यमांची पदवी : हौस की हिशेब?



आमच्या मोठ्या वर्गातले चौघे यंदा बारावीत गेलो. चौघांपैकी दोघांना मास कम्युनिकेशन करायचे आहे. घरी सांगितल्यावर दोन्ही घरांत एकच प्रश्न आला, "त्यात पैसा आहे का?" एका घरी तर दोन दिवस अबोला होता. तेव्हा मागच्या शनिवारी बाईंनी निबंध बाजूला ठेवला आणि आम्हाला फळ्यावर हिशेब मांडायला लावला. त्यातून आमचे जे मत झाले, ते आई-बाबांपुढे आणि धाकट्या वर्गातल्या मित्रांपुढे ठेवत आहोत.

सिलिकॉन ओएसिसमध्ये राहणाऱ्यांना हा प्रश्न जरा जास्तच टोचतो. ही वसाहत तंत्रज्ञानाच्या उद्योगांसाठी वसली. आरआयटीसारखे इंजिनियरिंगचे विद्यापीठ घराजवळ आहे. लिफ्टमध्ये भेटणारे काका बहुधा संगणकाच्या कंपनीतले असतात आणि "पुढे काय?" असे विचारून उत्तरही तेच देतात. पण अल ऐन रस्त्याने थोडे पुढे गेले की अ‍ॅकॅडमिक सिटी लागते. तिथे मणिपाल आणि अ‍ॅमिटी या विद्यापीठांत माध्यमांचे शिक्षण मिळते. दुबई मीडिया सिटी तर २००१ पासून उभी आहे. म्हणजे विषय परका नाही. प्रश्न खर्चाचा आहे.

आता आमचा हिशेब. आकडे मानलेले आहेत; आपापले घालून पाहावेत. समजा, इथली फी वर्षाला ५० हजार दिरहॅम. तीन वर्षांचे दीड लाख. बस, पुस्तके, कॅमेरा, लॅपटॉप मिळून आणखी ३० हजार. झाले १ लाख ८० हजार. आम्ही इथेच थांबलो होतो. बाई म्हणाल्या, "आणि तीन वर्षे कमावले नाहीत त्याचे काय?" पदवीशिवाय महिना साडेतीन हजारांची नोकरी मिळाली असती असे धरले, तर तीन वर्षांचे १ लाख २६ हजार होतात. एकूण खर्च ३ लाख ६ हजार. पदवीनंतर पहिला पगार पाच हजार धरला, तर फरक महिना दीड हजाराचा, म्हणजे वर्षाला १८ हजारांचा. या वेगाने खर्च वसूल व्हायला १७ वर्षे लागतात! वर्गात एकदम शांतता पसरली.

पण हिशेबाला दुसरी बाजूही आहे. पगार पहिल्या आकड्यावर थांबत नाही. पदवी असेल तर बढतीची वाट मोकळी राहते, आणि इथल्या बऱ्याच नोकऱ्यांच्या व्हिसासाठी साक्षांकित पदवी लागतेच. अमेरिकेच्या श्रमखात्याचे मे २०२४ चे आकडे पाहिले. तिथे माध्यम व संज्ञापन क्षेत्राचा मधला पगार वर्षाला सुमारे ७० हजार डॉलर, तर सर्व व्यवसायांचा सुमारे साडेएकोणपन्नास हजार. मात्र बातमीदारांचा सुमारे ६० हजार. म्हणजे एकाच पदवीतून निघणाऱ्या वाटा सारख्या पैशांच्या नाहीत. ते आकडे दुबईचे नव्हेत, पण "यात पैसाच नाही" हे म्हणणे खरे नाही एवढे त्यांवरून कळते.

"मधला पगार" हा शब्द पालकांनी लक्षात ठेवावा. पाच मुलांना चार, चार, चार, पाच आणि वीस हजार पगार मिळाला, तर सरासरी निघते ७ हजार ४००. माहितीपत्रकात हाच आकडा छापता येतो. मधला पगार मात्र चारच हजार. म्हणून कॉलेजात जाल तेव्हा सरासरी विचारू नका. मधला पगार विचारा, आणि किती मुलांना नोकरी लागली तेही विचारा.

स्वस्त वाट आपल्याकडे आहे. मुंबई विद्यापीठात तीन वर्षांचा मास मीडियाचा पदवी अभ्यासक्रम आहे. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये वृत्तपत्रविद्येच्या पदव्युत्तर शिक्षणाला आधी कोणत्याही विषयाची पदवी चालते. म्हणजे आधी अर्थशास्त्र किंवा संख्याशास्त्र करावे आणि मग पत्रकारिता शिकावी. एक विषय पोटात असला की लिहायलाही काही असते. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ ला 'दर्पण' काढले, तेव्हा पत्रकारितेची पदवी कुठे होती? ते गणित आणि खगोलशास्त्र जाणणारे विद्वान होते. 'दर्पण' मराठी आणि इंग्रजी अशा दोन भाषांत निघे. दोन भाषा हेच त्यांचे भांडवल.

इथे आमचा स्वतःचा दोष कबूल करतो. शाळेत नववीपर्यंत अरबी सक्तीची असते, आणि नववी संपताच आम्ही चौघांनीही ती सोडली. या शहरात अरबी, इंग्रजी आणि हिंदी नीट लिहिणाऱ्याला मागणी असणार, हे फळ्यावर हिशेब मांडताना सुचले. आता साधे प्रसिद्धिपत्रक संगणकही लिहून देतो. तेव्हा नुसते "चांगले लिहिता येते" एवढ्यावर भागणार नाही.

आमचे मत असे. माध्यमांची पदवी जरूर घ्यावी, पण कर्ज काढून नव्हे. तिच्यासोबत भाषा, आकडेवारी किंवा संगणक यांपैकी एक गोष्ट पक्की हवी. आणि सुट्टीत कुठेतरी काम करून हे आपल्याला खरोखर आवडते का, ते आधी पाहावे.

आई-बाबा, तुम्ही पैशाचे विचारता ते आमच्या काळजीपोटी, हे आम्हाला कळते. तुम्ही इथे भाडे, शाळेची फी आणि गावाकडचे पैसे कसे जमवता, ते आम्ही पाहतो. फक्त "नाही" म्हणण्याआधी एकदा वही घेऊन आमच्याशेजारी बसा. उत्तर "नाही" आले तरी चालेल. ते दोघांनी मिळून काढलेले असावे. आणि धाकट्या मित्रांनो, अरबीचे पुस्तक रद्दीत देऊ नका!



— मोठा वर्ग