गिऱ्हाइकांत बसणारा मालक

व्यापाराच्या पानावर बहुधा टाटा, बिर्ला, अंबानी यांच्याच यशोगाथा छापल्या जातात. आज अमेरिकेतील एका माणसाविषयी लिहितो. तो बेसबॉलचे संघ विकत घेई, चालवी आणि विकून टाकी. त्याचे नाव बिल वीक. बेसबॉल हा चेंडूफळीचा खेळ आहे, एवढे समजले तरी वाचकांना पुरे. खेळात मलाही गम्य नाही, धंद्यात आहे.

वीकचा जन्म १९१४ साली शिकागो येथे झाला. वडील तेथील कब्ज संघाचे अध्यक्ष होते, पण मालक नव्हते. त्यामुळे मुलगा मैदानात खाद्यपदार्थ विकत आणि हाताला येईल ते काम करीत मोठा झाला. १९३७ साली रिग्ली फील्ड मैदानाच्या भिंतीवर त्याने लावलेली वेल आजही हिरवी आहे. दुसऱ्या महायुद्धात तोफेच्या धक्क्याने त्याचा पाय चिरडला आणि पुढे तो कापावा लागला. लाकडी पायाला भोक पाडून हा गृहस्थ त्यात सिगारेटची राख झाडत असे! त्याच्या धंद्यात बिअर होती, काही काळ घोड्यांच्या शर्यतीचे मैदानही होते. तो भाग आपण सोडून द्यावा. घेण्यासारखे दुसरे पुष्कळ आहे.

पहिली गोष्ट म्हणजे गिऱ्हाइकाची कदर. १९४१ साली त्याने मिल्वॉकीचा एक लहान संघ घेतला. युद्धकाळात कारखान्यांना रात्रपाळी असे आणि कामगारांना संध्याकाळचा सामना पाहता येत नसे. वीकने सामने सकाळी ठेवले आणि प्रेक्षकांना नाश्ता दिला. माल चांगला असूनही दुकानाची वेळ गिऱ्हाइकाच्या सोयीची नसली, तर विक्री कशी व्हावी? यंत्रमागाच्या गावात राहणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको.

१९४६ साली भागीदारांच्या पैशावर त्याने क्लीव्हलंडचा संघ घेतला. या संघाचे नाव तेव्हा इंडियन्स होते, २०२१ च्या हंगामानंतर ते बदलले. वीकने आपल्या कचेरीचे दारच काढून टाकले. फोन स्वतः उचलायचा, गळ्यात टाय बांधायचा नाही, सामना सुरू झाला की प्रेक्षकांत जाऊन बसायचे आणि लोकांच्या तक्रारी ऐकायच्या. एका पहारेकऱ्याने वर्तमानपत्राला पत्र लिहिले की, नेहमी खेळाडूंचेच सत्कार होतात, आमच्यासारख्या साध्या प्रेक्षकाचा का नाही? वीकने १९४८ साली भर मैदानात त्याचा सत्कार केला आणि मोटारगाडी भेट दिली. त्या वर्षी क्लीव्हलंडला २६ लाखांवर प्रेक्षक आले. तो त्या काळातला उच्चांक होता. संघाने अजिंक्यपदही मिळवले.

पण माझ्या मते त्याची खरी मर्दुमकी १९४७ सालची आहे. अमेरिकेच्या मोठ्या बेसबॉलमध्ये काळ्या खेळाडूंना अनेक दशके बंदी होती. त्यांच्या वेगळ्या लीग होत्या. त्या एप्रिलमध्ये ब्रुकलिनने जॅकी रॉबिन्सनला उतरवले आणि जुलैत वीकने लॅरी डोबीला. अमेरिकन लीगमधला तो पहिला काळा खेळाडू. ब्रुकलिनने रॉबिन्सनच्या जुन्या संघाला एक पैसाही दिला नव्हता. त्यांचे करार कसले, असा तोरा होता. वीकने मात्र डोबीचा संघ नेवार्क ईगल्स याच्या मालकीण एफा मॅन्ली यांना १५ हजार डॉलर मोजून दिले. रक्कम कमीच होती. गोऱ्या खेळाडूला कितीतरी जास्त पडले असते. तरीही दुर्बळाचा माल फुकट उचलणे आणि त्याची किंमत देणे यात फरक आहे, आणि व्यवहारात सचोटीची परीक्षा तेथेच होते. काही सहकाऱ्यांनी डोबीशी हातसुद्धा मिळवला नाही. वीक त्याच्या पाठीशी राहिला. तीस वर्षांनी, १९७८ साली, त्याच डोबीला त्याने आपल्या शिकागो व्हाइट सॉक्स संघाचा व्यवस्थापक नेमले.

आता दुसरी बाजू. १९५१ साली सेंट लुईसच्या पडक्या संघाकडून त्याने जेमतेम साडेतीन फूट उंचीच्या एडी गेडलला फलंदाजीस पाठवले. फेकणाऱ्याला चेंडू तेव्हा फलंदाजाची काख आणि गुडघा यांच्या दरम्यान टाकावा लागे. तेवढ्याशा जागेत एकही चेंडू पडला नाही आणि गेडलला चालत पहिला टप्पा मिळाला. अमेरिकन लोक ही गंमत अजून सांगतात. मला ती रुचत नाही. अल्लाहने दिलेल्या शरीरावर तिकीट लावून हशा पिकवणे हा हलक्या दर्जाचा धंदा होय.

याहून गंभीर गोष्ट हिशेबाची आहे. संघ विकत घेतल्यावर दिलेली किंमत मुख्यतः खेळाडूंच्या करारांची असते, आणि खेळाडू यंत्राप्रमाणे झिजतो, म्हणून त्यावर घसारा मिळावा, असा मुद्दा वीकने मांडला. करखात्याने तो मानला. वहीत तोटा आणि खिशात नफा! पुढच्या सर्व मालकांनी या युक्तीवर पैसा केला. २००४ च्या कायद्याने तर संघाची जवळजवळ सगळी किंमत १५ वर्षांत वजा करता येते. आपण मागावर घसारा लावतो तो रास्तच आहे, माग आपला आहे. पण झिजतो खेळाडूचा गुडघा आणि सवलत मिळते मालकाला. ज्याचे शरीर झिजले त्याला एक दमडीही सुटत नाही. कायद्यात बसते म्हणून प्रत्येक गोष्ट हलाल ठरत नाही.

आणि याच वीकने १९७० साली कोर्टात खेळाडूची बाजू घेतली! करार संपला तरी खेळाडू त्याच मालकाचा राही, उचल देऊन बांधून ठेवलेल्या कारागिरासारखा. कर्ट फ्लडने त्याविरुद्ध दावा केला. संघ चालवणारा एकही मालक त्याच्या बाजूने उभा राहिला नाही. वीक त्या वेळी संघाबाहेर होता, त्याने साक्ष दिली. फ्लड १९७२ मध्ये हरला, परंतु डिसेंबर १९७५ मध्ये लवादाने ते जोखड मोडले. त्याच महिन्यात वीकने कसेबसे भांडवल जमवून व्हाइट सॉक्स दुसऱ्यांदा घेतला होता. खेळाडू मोकळे झाले, भाव चढले आणि थोड्या भांडवलाचा मालकच आधी बुडू लागला. १९७७ चा हंगाम त्याने एकेका वर्षासाठी खेळाडू घेऊन गाजवला, पण ते पुढल्या वर्षी जास्त पैसा देणाऱ्याकडे गेले. १९७९ मध्ये डिस्को गाण्याची तबकडी आणणाऱ्यास ९८ सेंटांत प्रवेश, ही मुलाची कल्पना त्याने मान्य केली. मैदानात दंगल झाली आणि दुसरा सामना सोडून द्यावा लागला.

लहान दुकानदारांनी येथे थांबून विचार करावा. कारागिराला मोकळीक द्यावी असे आपण म्हणतो. ती दिल्यावर मोठी पेढी त्याला जास्त मजुरी देऊन घेऊन गेली तर? वीकची ही अडचण आज आपल्याही दाराशी आहे. तरी साक्ष दिल्याचा त्याला पश्चात्ताप झाला असे कोठे दिसत नाही.

१९८१ च्या आरंभी त्याने संघ विकला. त्यानंतर तो आपल्या जुन्या रिग्ली फील्डवर, वेलीच्या भिंतीवरच्या स्वस्त उघड्या बाकांवर, शर्ट काढून उन्हात बसून सामने पाही. जानेवारी १९८६ मध्ये तो वारला.