रस्ता ओलांडण्याचे वय

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस माझ्याकडे वर्षानुवर्षे येणारे एक निवृत्त शिक्षक तपासणीसाठी आले. वय चौऱ्याहत्तर. मधुमेह जुना, पण शिस्तीने सांभाळलेला. त्या दिवशी मात्र साखरेचा अहवाल पाहून मी चकित झालो. औषधे तीच, भात मोजूनच, गोड वर्ज्य. मग बदलले काय? बराच वेळ खोदून विचारल्यावर ते संकोचाने म्हणाले, ‘‘डॉक्टरसाहेब, फिरणं बंद झालं. मैदान पलीकडे आहे, अन् तो रस्ता आता माझ्याच्यानं ओलांडणं होत नाही.’’

तो रस्ता म्हणजे आपल्या भंडारा शहरातून जाणारा राष्ट्रीय महामार्ग. पूर्वी त्याला क्रमांक ६ म्हणत, आता ५३ म्हणतात. पश्चिमेस सुरतेजवळचे हजिरा आणि पूर्वेस ओडिशाचे पारादीप बंदर यांना जोडणारा हा मार्ग शहापूर, बेला, त्रिमूर्ती चौक असे करीत कारध्याला वैनगंगा ओलांडतो आणि लाखनी, साकोलीकडे जातो. देशाच्या एका टोकाचा माल दुसऱ्या टोकाला नेणारी ही वाट आपल्या गावात मात्र दवाखाना, बँक, शाळा आणि देऊळ यांच्या मधून गेली. अवजड ट्रकांना शहरातील गजबजलेल्या महामार्गावर निर्बंध असावेत काय, हा प्रश्न वाहतूक खात्याचा समजला जातो. गेली अनेक वर्षे रुग्ण तपासताना मला तो आरोग्याचाही वाटू लागला आहे, म्हणून आजचा लेख त्यावर.

वीस सेकंदांचा हिशेब

निरोगी तरुण माणूस रस्ता ओलांडताना सेकंदाला सुमारे १.२ मीटर चालतो. गुडघे धरलेल्या, काठी घेतलेल्या वृद्ध व्यक्तीचा वेग ०.७ मीटरपर्यंत उतरतो. चार पदरी रस्ता साधारण १४ मीटर रुंद धरला, तर तरुणाला बारा सेकंद लागतात आणि आजोबांना वीस. ताशी ४० किलोमीटरने येणारा ट्रक सेकंदाला ११ मीटर अंतर कापतो. म्हणजे तरुणासाठी ट्रक सुमारे १३० मीटर दूर असला तरी चालते. आजोबांसाठी तो किमान २२० मीटर दूर हवा. भर गर्दीच्या वेळी एवढी मोकळी जागा मिळणार कुठून?

त्यात वयाची भर पडते. मोतीबिंदूमुळे समोरच्या दिव्याचा प्रकाश डोळ्यांत पसरतो. मानेच्या मणक्यांच्या झिजेमुळे दोन्हीकडे पटकन वळून पाहता येत नाही. ऐकू कमी आल्याने मागून येणाऱ्या वाहनाची दिशा कळत नाही. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी एकाएकी उभे राहिल्यास घेरी येते. शिवाय दृष्टीचा एक भ्रम सर्वांनाच फसवतो : मोठी वस्तू लहान वस्तूपेक्षा सावकाश येत आहे, असे डोळ्यांना भासते. त्यामुळे ट्रकच्या वेगाचा अंदाज चुकू शकतो.

चुकीची किंमतही वजनाप्रमाणे वाढते. २०१८ मध्ये केंद्र शासनाने मालवाहू वाहनांची अनुज्ञेय भारक्षमता सुमारे २० ते २५ टक्क्यांनी वाढवली. आज मोठ्या ट्रकचे मालासह वजन ४९ टनांपर्यंत असू शकते. एवढा भार थांबवायला अंतरही तेवढेच लागते. चालकाने वेळेवर ब्रेक दाबला तरी ट्रक जागच्या जागी उभा राहत नाही.

अपघाताखेरीज होणारी हानी

अपघाताची बातमी छापून येते. पण माझ्या दवाखान्यात जे अधिक दिसते ते बातमीत कधी येत नाही. रस्त्याच्या भीतीने माणूस घरात बसतो. प्रथम फिरणे सुटते, मग मित्रमंडळी सुटतात, मग बँकेचे काम मुलावर जाते, औषध ‘‘उद्या आणू’’ म्हणत चार दिवस राहून जाते. स्नायू सैल पडतात, तोल बिघडतो, आणि शेवटी महामार्गावर न जाताही माणूस न्हाणीघरात पडून खुब्याचे हाड मोडून घेतो. या अपघाताची नोंद रस्त्याच्या नावावर कोणी करत नाही.

दुसरी हानी हवेची. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला मानवी कर्करोगास कारणीभूत ठरणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात घातले. १ एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या नव्या वाहनांना भारत-६ मानके लागू आहेत आणि ती वाहने पुष्कळच स्वच्छ आहेत. पण त्याआधीचे ट्रक अजून रस्त्यावर आहेतच. त्यात आपल्याकडे रेतीचे उघडे टिप्पर आणि उन्हाळ्यातील धूळ. दमा व जुनाट श्वासनलिकादाह असलेल्यांना हा त्रास लगेच जाणवतो. हृदयावरचा परिणाम मात्र मुकाट्याने होत राहतो.

तिसरी हानी आवाजाची. आपल्या देशातील २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. रुग्णालये, शाळा व न्यायालये यांच्या भोवती १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र घोषित करता येते. तेथे मर्यादा ५० आणि ४०. कर्कश हॉर्नने झोप मोडली नाही तरी झोपेतच नाडी आणि रक्तदाब वर चढतो, आणि हे रात्रीतून अनेकदा घडते. सकाळी ‘‘झोप झाली, पण अंग जड आहे’’ असे म्हणणाऱ्या रुग्णांना मी आता पहिला प्रश्न विचारतो : तुमची खोली रस्त्याच्या बाजूला आहे का?

ट्रकची दुसरी बाजू

ट्रकला सरसकट शत्रू ठरवणे मला पटत नाही. आपला जिल्हा भाताचा. शेतातला धान गिरणीपर्यंत आणि गिरणीतला तांदूळ बाजारापर्यंत ट्रकच नेतो. वरठीचा पोलाद कारखाना, गडेगावचा वाहन कारखाना, तुमसर तालुक्यातील चिखला व डोंगरी बुजुर्ग येथील मँगनीजच्या खाणी यांवर हजारो घरांच्या चुली पेटतात. आणि २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत एकेका ऑक्सिजन टँकरची वाट आपण सर्वांनी कशी पाहिली, हे कोणीही डॉक्टर विसरणार नाही.

ट्रकचालकही माझे रुग्ण आहेत. कंबर, रक्तदाब, मधुमेह आणि अपुरी झोप ही त्यांची नेहमीची दुखणी. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने त्यांच्यासाठी दिवसाचे आठ आणि आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास काम ठरवले होते. प्रत्यक्षात माल वेळेवर पोचवण्याचा ताण त्यांना त्यापलीकडे नेतो. पेंगुळलेला चालक हा स्वतःसाठी आणि रस्त्यावरील सर्वांसाठी धोका आहे, म्हणून त्याच्या विश्रांतीची सोय ही आपल्या सुरक्षिततेचीच सोय होय.

मग निर्बंध कोणते?

कायद्यात तरतूद आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ११५ सार्वजनिक सुरक्षितता वा सोयीसाठी विशिष्ट रस्त्यावर विशिष्ट वाहनांना बंदी किंवा निर्बंध घालण्याचा अधिकार राज्य शासनास व त्याने नेमलेल्या प्राधिकाऱ्यास देते. मुंबईत गर्दीच्या वेळी अवजड वाहनांना मज्जाव असतो. दिल्लीत शहर ओलांडून जाणाऱ्या ट्रकांना आळा बसावा म्हणून सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने २०१५ पासून पर्यावरण शुल्क आकारले जाऊ लागले आणि २०१८ मध्ये बाहेरून जाणारे द्रुतगती मार्ग खुले झाले. लंडनमध्ये अवजड ट्रकांना रात्री व सुट्टीच्या दिवसांत ठराविक मार्गांवरूनच जाण्याची सक्ती १९८५ पासून आहे.

लंडनने बंधन रात्रीच का घातले, याचा विचार करण्याजोगा आहे. आपल्याकडे सर्रास केली जाणारी मागणी उलटी असते : दिवसभर ट्रक बंद, रात्री मोकळे. तसे झाले तर दिवसाचा अपघात टळेल, पण सारी वाहतूक रात्री दहानंतर रस्त्यालगतच्या घरांवर कोसळेल, आणि तिथे झोपलेले असतील ते आपलेच वृद्ध आणि आजारी. एका दुखण्याची गोळी देऊन दुसरे दुखणे ओढवून घेण्यासारखे हे होईल.

म्हणून माझे मत असे. ज्या ट्रकला भंडाऱ्यात माल चढवायचा वा उतरवायचा नाही, त्याने चोवीस तास शहराबाहेरच्या बायपासनेच जावे. बायपास बांधणे आणि त्याचा वापर सक्तीचा करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी झाली नाही तर पहिलीचा लाभ अर्धाच मिळतो. ज्याला शहरात काम आहे, त्याला सकाळी शाळा-दवाखान्यांची वेळ आणि सायंकाळची गर्दी वगळून दुपारच्या तासांत परवानगी असावी. रात्री दहा ते सहा शक्यतो नसावी. ऑक्सिजन, औषधे, इंधन, दूध यांना सवलत असावी. शहराच्या हद्दीत वेगाला आवर आणि रेतीवर ताडपत्री असावी. आणि रस्त्याच्या मधोमध थांबण्यापुरती उंच, रुंद जागा असावी. वरचा हिशेब आठवा : मध्ये थांबता आले तर आजोबांना एका वेळी सातच मीटर, म्हणजे दहा सेकंद सांभाळायचे असतात. या एका साध्या सोयीचा उपयोग ट्रक कमी झाल्यावरही, मोटारी आणि दुचाकींच्या गर्दीत, होतच राहील.

तोवर घरच्यांनी काय करावे

निर्बंध येतील तेव्हा येतील. काळजी घेणाऱ्यांनी पुढील गोष्टी आजपासून कराव्यात.

१. ट्रकच्या अगदी समोरून आणि डाव्या कडेने कधीही जाऊ नये. उंच केबिनमधून चालकाला तेवढी जागा दिसत नाही. चालकाचा चेहरा आपल्याला दिसत नसेल, तर आपणही त्याला दिसत नाही असे धरून चालावे.

२. वळणाऱ्या ट्रकपासून लांब राहावे. त्याची मागची चाके पुढच्या चाकांपेक्षा आतून वळतात आणि कोपऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाला ओढतात.

३. आईला दुचाकीवर एका बाजूला पाय टाकून बसवत असाल, तर पदर आवरलेला असावा, तिच्याही डोक्यावर हेल्मेट असावे आणि ट्रकला डावीकडून ओलांडून जाण्याचा मोह टाळावा.

४. बँक, दवाखाना ही कामे सकाळी साडेअकरा ते दुपारी चार या वेळात ठेवावीत; उन्हाळ्यात मात्र ऊन पाहूनच. तिन्हीसांजेला रस्ता ओलांडणे टाळावे, आणि बाहेर पडायचेच तर फिकट रंगाचे कपडे घालावेत.

५. वर्षातून एकदा डोळे आणि कान तपासून घ्यावेत. उठल्यावर घेरी येत असेल तर गोळी स्वतः बंद न करता डॉक्टरांना सांगावे.

६. डोक्याला मार लागला आणि रुग्ण रक्त पातळ करणारी गोळी घेत असेल, तर वरून जखम नसली तरी त्याच दिवशी दवाखाना गाठावा. वृद्धांच्या मेंदूभोवती रक्त हळूहळू साचते. वाढती डोकेदुखी, गुंगी, असंबद्ध बोलणे, एका बाजूची कमजोरी, चालताना झोक जाणे ही लक्षणे काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनीही दिसू शकतात. ‘‘वयामुळे असेल’’ म्हणून सोडून देऊ नये.

७. अपघात दिसल्यास १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी. राष्ट्रीय महामार्गासाठी १०३३ हा मदत क्रमांक आहे. मान किंवा पाठ दुखावल्याची शंका असेल तर जखमीला उगाच हलवू नये. वाहत्या रक्तावर स्वच्छ कापड दाबून धरावे. मदत करणाऱ्याला कायद्याचे संरक्षण आहे. केंद्राच्या योजनेनुसार मे २०२५ पासून रस्ता अपघातातील जखमींवर नेमून दिलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख न भरता होऊ शकतात. रुग्णालयात पोचताच याची विचारणा करावी.

आणखी एक. प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली रस्ता सुरक्षा समिती असते. ज्येष्ठ नागरिक संघांनी तिच्याकडे ‘‘ट्रक बंद करा’’ एवढेच न लिहिता कोणत्या चौकात, कोणत्या वेळी, किती वृद्ध रस्ता ओलांडतात हे आठवडाभर मोजून लिहावे. रुग्णाने ‘‘बरे वाटत नाही’’ म्हणण्याऐवजी ताप किती आणि कधी येतो हे सांगितले तर डॉक्टरला उपचार सोपे जातात. प्रशासनाचेही तसेच आहे.

त्या गुरुजींना मी औषध वाढवून दिले नाही. घरासमोरच्या गल्लीतच सकाळी दोन वेळा वीस-वीस मिनिटे चालण्यास सांगितले. सूनबाई त्यांच्यासोबत निघू लागल्या. तीन महिन्यांनी साखर बरीच खाली आली. अहवाल पाहून मी समाधान व्यक्त केले, तेव्हा ते हसले आणि म्हणाले, ‘‘चालणं तर होते डॉक्टरसाहेब, पण बोलायला कोणी नाही. आमचे सारे लोक पलीकडे बसतात.’’ त्यावर लिहून देण्याजोगे औषध माझ्याकडे नव्हते.