पाचही बोटे शाबूत, म्हणून प्रस्ताव परत

सोयाबीनचा हंगाम आटोपत आला की आपल्या ओपीडीत हडंब्यात सापडलेले हात येऊ लागतात. यंदा त्यांच्या मागोमाग अमरावती-अकोल्याच्या वाचकांची पत्रेही आली. तक्रार एकच: गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेचे प्रस्ताव ‘अवयव निकामी झालेला दिसत नाही’ असा शेरा मारून परत येतात.

या योजनेत एक हात किंवा एक पाय निकामी झाल्यास 1 लाख रुपये मिळतात. हात मनगटातून तुटला तर वाद नाही. पण झोन 2 मध्ये तर्जनी आणि मधल्या बोटाचे एफडीपी, एफडीएस दोन्ही कापले गेले, उशिरा जोडले, जोडलेले चिकटले. बोटे तळव्याला टेकत नाहीत. डिजिटल नर्व्ह गेल्याने टोके बधिर. विळ्याची मूठ आवळली जात नाही. बोंडातला कापूस ओढायला अंगठा, तर्जनी आणि मधले बोट यांची चिमूट लागते, तीच गेली. म्हणजे दिवाळीनंतरची वेचणी गेली, मजुरी गेली. टेबलामागच्या माणसाला मात्र फोटोत पाच बोटे दिसतात आणि तो फाइल बंद करतो!

शिवाय ही योजना खातेदार शेतकरी आणि त्याच्या कुटुंबातल्या एका सदस्यापुरती. हडंब्याच्या तोंडाशी उभा असतो तो बहुधा भूमिहीन मजूर. त्याचा सातबारा कुठून आणायचा? 1923 च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याने यांत्रिक शक्तीवर चालणाऱ्या शेतकामातला मजूर परिशिष्टात घेतला. अंगठा गेला तर 30 टक्के, अख्खी तर्जनी 14, मधले बोट 12 असे कोष्टक दिले. त्याच कोष्टकाखाली टीप होती: अवयवाचा वापर कायमचा व पूर्ण गेला, तर तो अवयव गमावल्यासारखाच धरावा. कोष्टकात न बसणाऱ्या इजेत कमाईची क्षमता किती घटली, हे डॉक्टरने ठरवायचे. एवढी समज त्या जुन्या कायद्याला होती. ती अनुदान योजनेच्या नियमांत का येऊ नये?

आता आपल्याकडे वळू. अपघात विभागातले किती केसपेपर ‘सीएलडब्ल्यू उजवा हात, टाके, ड्रेसिंग’ एवढ्यावर संपतात! पीआयपी धरून ठेवून डीआयपी वाकवायला सांगायला अर्धा मिनिट लागतो. तो वाचवून कातडी शिवून पेशंट घरी पाठवला जातो, आणि तीन आठवड्यांनी कळते की टेंडन तळव्यात सरकून बसला आहे. जोडल्यावरही डॉर्सल स्प्लिंट नाही, फिजिओथेरपिस्टला चिठ्ठी नाही. सहा आठवडे प्लास्टर, मग ‘बोटे हलवत जा’. असला कागद घेऊन तो माणूस कोणापुढे उभा राहणार?

मित्रहो, पहिल्याच दिवशी लिहा: कामाचा हात कोणता, कोणते बोट, कोणता टेंडन, कोणता झोन, नर्व्ह शाबूत की नाही, यंत्र ट्रॅक्टरवर चालत होते की मोटारीवर. एमएलसी टाळू नका. सहा महिन्यांनी प्रत्येक बोटाची एकूण सक्रिय हालचाल अंशांत, टू-पॉइंट डिस्क्रिमिनेशन आणि दोन्ही हातांची डायनॅमोमीटरवरची पकड नोंदवा. दाखल्यात ‘वापर कायमचा गेला’ किंवा ‘अंशतः गेला’ हे स्पष्ट मराठीत लिहा, कारण तो वाचणारा डॉक्टर नसतो.

परत आलेल्या प्रस्तावांच्या प्रती, पेशंटचे नाव झाकून, तुरीची मळणी सुरू होण्याआधी आमच्याकडे पाठवा. त्या एकत्र करून नियम दुरुस्तीच्या मागणीसह आम्ही कृषी आयुक्तांकडे नेणार आहोत.