सिझरचा कागद बाईच्या हातात द्या!

पहिले बाळंतपण माहेरी, दुसरे सासरी ही आपल्याकडची रीत. पहिल्या वेळी सिझर झाले असेल तर त्याचा कागद माहेरच्या पेटीत पडून राहतो आणि बाई सासरच्या तालुक्यात कळा देत दवाखान्यात पोहोचते. डॉक्टर विचारतात, पिशवीवर छेद कसा घेतला होता? ती काय सांगणार? पोटावरचा व्रण आडवा असला म्हणजे आतला छेदही आडवाच असतो असे नाही.

हा प्रश्न जिवाचा आहे. पिशवीच्या खालच्या भागात एकच आडवा छेद असेल, तर पुढच्या कळांमध्ये तो फाटण्याचा धोका साधारण दोनशेत एकीला असतो. वरच्या भागातल्या उभ्या छेदात तो शंभरात चार ते नऊ जणींपर्यंत जातो. पिशवी फाटली की बाळाचे ठोके घसरतात, आत रक्तस्राव होतो, हातात मोजकी मिनिटे उरतात. वार जुन्या व्रणात रुतली तरी रक्त आवरत नाही; आणि हा धोका दर सिझरबरोबर वाढतो. म्हणून अशा बाईचे बाळंतपण रक्त आणि ऑपरेशनची सोय असेल तेथेच व्हावे. 'एकदा सिझर म्हणजे कायम सिझर' हेही खरे नाही, पण ते ठरवायलाही कागदच लागतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात २५.४ टक्के बाळंतपणे सिझरने झाली. देशातील खासगी रुग्णालयांत हे प्रमाण ४७.४ टक्के होते. छेद घ्यायला एवढी तत्परता, मग तो समजावून सांगायला वेळ का नाही? कार्डावर इंग्रजीत 'एलएससीएस' लिहिले की कर्तव्य संपले! त्याचा अर्थ खालच्या भागातला छेद, हे त्या माउलीला कोण सांगणार?

भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांत कागदपत्रे द्यावीच लागतात. मात्र तेच नियम नोंदी तीनच वर्षे जपायला सांगतात. दोन मुलांत पुरेसे अंतर ठेवा, असे डॉक्टरच बजावतात. तेवढे अंतर ठेवणाऱ्या बाईचा कागद कायद्यानेच रद्दीत जाऊ शकतो! शासनाने हे बदलावे. छेद कोणता, का घेतला, पुढे कोणती काळजी घ्यायची, हे मराठीत लिहून मागण्याआधीच द्यावे, अशी आमची मागणी आहे.

तोवर महिला मंडळांनी आणि आशाताईंनी वस्तीतल्या प्रत्येक गरोदर बहिणीला पहिल्या भेटीतच सिझरचा कागद विचारावा. नसेल तर रुग्णालयाला लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी. अर्ज लिहून द्यायला आम्ही बसलो आहोत.