नेसरीची खिंड आणि माळ्याचा पगार

१/ २४ फेब्रुवारी १६७४. नेसरीच्या खिंडीत स्वराज्याचे सरनोबत प्रतापराव गुजर धारातीर्थी पडले. महाराष्ट्रात हा प्रसंग ठाऊक नाही असा तरुण विरळा. निदान ‘सात’ हा आकडा तरी प्रत्येकाच्या ओठी असतो. तो आकडा आला कुठून, हे विचारणारे मात्र थोडे.

२/ मुंबईकर इंग्रजांचा दुभाष नारायण शेणवी याचे ४ एप्रिल १६७४ चे एक पत्र इंग्रजी दप्तरात आहे. दोन डोंगरांमधल्या अरुंद वाटेत प्रतापराव आणखी सहा स्वारांसह मारले गेले, असे तो कळवतो. सहा आणि एक, सात. पण त्याच वाक्यात एक गोष्ट आणखी आहे: उरलेली फौज त्यांच्या मदतीला पोहोचली नाही. लोकस्मृतीने सात उचलले आणि मागे राहिलेली फौज सोडून दिली.

३/ पार्श्वभूमी थोडक्यात. १६७३ च्या एप्रिलमध्ये उमराणीजवळ विजापुरी सरदार बहलोलखान कोंडीत सापडला होता. प्रतापरावांनी त्याला जाऊ दिले. महाराजांचा रोष झाला. तो रोष मनात घेऊनच सरनोबत नेसरीच्या खिंडीत शिरले, असे बखरी सांगतात. पुढे महाराजांनी काय केले, ते अधिक लक्षात ठेवण्याजोगे आहे. हंसाजी मोहिते यांना ‘हंबीरराव’ किताब देऊन सरनोबती दिली. प्रतापरावांची कन्या जानकीबाई राजारामांसाठी सून म्हणून घरात आणली. ६ जून १६७४ रोजी राज्याभिषेक झाला तेव्हा सरनोबताची जागा रिकामी नव्हती. दुःख दुःखाच्या जागी राहिले, पद मोकळे राहिले नाही.

४/ आज त्या खिंडीत प्रतापरावांचे स्मारक आहे. स्मृतिदिनी भगवे ध्वज येतात, मोटारसायकलींच्या रांगा येतात, घोषणांनी डोंगर दुमदुमतो, छायाचित्रे निघतात. यात गैर काही नाही. प्रश्न २५ फेब्रुवारीचा आहे. त्या दिवसापासून पावसाळ्यापर्यंतच्या कोरड्या महिन्यांत स्मारकाच्या आवारातील रोपाला पाणी कोण घालणार, आणि त्याचा पगार कोणत्या खात्यातून निघणार?

५/ उत्तर शोधायला राज्यघटना उघडावी. ७३ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवावयाचे २९ विषय आहेत. शेती पहिला. ‘सामुदायिक मालमत्तेची देखभाल’ शेवटचा, एकोणतिसावा. क्रम योगायोगाचा असेलही; प्रत्यक्षातला मान तोच आहे.

६/ पैशाची कथा याहून बोलकी. २०२१ ते २०२६ या काळासाठी पंधराव्या वित्त आयोगाने ग्रामपंचायतींना दिलेल्या अनुदानापैकी ६० टक्के बंधित, म्हणजे पाणी व स्वच्छतेसाठी राखलेले. उरलेले ४० टक्के अबंधित, गावाच्या गरजेनुसार खर्चण्याचे. मात्र त्यातून पगार आणि आस्थापना खर्च करण्यास मनाई. म्हणजे कमान उभारता येते, फरशी बसवता येते, बाकडे आणता येते. माळी ठेवता येत नाही. त्याच्यासाठी उरते घरपट्टी, आणि घरपट्टीतून आधी शिपाई व पाणी सोडणारा यांचे भागवायचे असते.

७/ हे खेड्याचे दारिद्र्य म्हणून कोल्हापूरकराने निश्चिंत राहू नये. शहरासाठी बाराव्या अनुसूचीत उद्याने, बागा व क्रीडांगणे यांना बारावी स्वतंत्र नोंद आहे; तरी महापालिका कायद्यात उद्यान हे ऐच्छिक कर्तव्यांतच मोडते. गटार तुंबले तर महापालिका कर्तव्य चुकली. टाऊन हॉलच्या बागेतले जुने झाड वाळले तर ती फक्त हळहळ. केंद्राच्या २०१५ च्या अमृत योजनेत उद्यानांसाठी अडीच टक्क्यांपर्यंत रक्कम होती, तीही उभारणीसाठी. रोजची निगा पुन्हा पालिकेच्या माथी, नाहीतर ‘लोकसहभागा’च्या.

८/ आणि जाब कोणाला विचारायचा? कोल्हापूर महापालिकेच्या सभागृहाची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली. पुढचे मतदान जानेवारी २०२६ मध्ये झाले. पाच वर्षांहून अधिक काळ प्रभागाला नगरसेवक नव्हता, कारभार प्रशासकाच्या हाती. १६७४ मध्ये, ऐन युद्धात, राज्याला सरनोबताची जागा भरता आली होती.

९/ यावर ठरलेले उत्तर असते: ‘दत्तक द्या, संस्था सांभाळतील, तरुण श्रमदान करतील.’ याचाही इतिहास आहे. भायखळ्याची राणीची बाग १८६२ मध्ये उघडली ती पश्चिम हिंदुस्थानच्या कृषी-उद्यान संस्थेच्या बळावर. जगन्नाथ शंकरशेठ यांच्यासारखी माणसे पाठीशी होती. १८७३ मध्ये संस्था मोडकळीस आली आणि बाग मुंबई पालिकेच्या हाती गेली. अकरा वर्षे. ती बाग आज दीडशे वर्षांनंतर उभी आहे, कारण तिच्या मागे करदात्यांचा पैसा उभा राहिला.

१०/ प्रतिवाद प्रामाणिकपणे मांडायचा तर पुण्याची एम्प्रेस गार्डन आहे. ती आजही संस्थाच चालवते, आणि चांगली चालवते. पण तिच्या दाराशी तिकीट आहे, दर जानेवारीत गर्दी खेचणारे पुष्पप्रदर्शन आहे, भोवती पुण्यासारखे शहर आहे. नेसरीच्या खिंडीत तिकीट लावावे, असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही, करूही नये. मग तिथे दत्तक घेणाऱ्याचा उत्साह आटला की मागे काय उरते? एक फलक, देणगीदाराच्या नावाचा.

११/ श्रमदानाची तर गोष्टच वेगळी. एका रविवारी शंभर तरुण शंभर खड्डे खणतात. झाडाला पुढची तीन वर्षे एकच माणूस लागतो, पण रोज. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात, याच कोल्हापूरच्या दरबारात, हे ओळखले होते: झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात, म्हणून ती तोडू देऊ नयेत. राज्यकारभाराच्या ग्रंथात झाडाला जागा होती. आजच्या अंदाजपत्रकात त्याला ओळ नाही.

१२/ जुन्या व्यवस्थेत देवळाच्या दिवाबत्तीसाठी इनाम जमीन लावून दिलेली असे. जमिनीचे उत्पन्न दरवर्षी यायचे, म्हणून दिवा दरवर्षी लागायचा. त्या व्यवस्थेचे दोष पुष्कळ, जातीचे आणि वतनाचे. त्यांचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण दिवा बांधणाऱ्याने तेलाची सोय आधी लावली होती. आजचा निधी दिवा देतो आणि तेलासाठी वर्गणीपुस्तक छापतो.

१३/ मागणी मोठी नाही. राज्याने किंवा जिल्हा परिषदेने अशा स्मारकांच्या आवारासाठी दरवर्षी ठरलेली रक्कम द्यावी, जिच्यातून पगार देण्याची मुभा असेल. आणि जबाबदार अधिकाऱ्याचे पदनाम स्मारकाच्या दाराशी लिहिलेले असावे. उद्‌घाटकाचे नाव लिहायला दगड सापडतो, तसा यालाही सापडेल.

१४/ ग्रामसभेत मत गावच्या मतदारालाच आहे. पुण्या-मुंबईहून खिंडीत येणाऱ्या तरुणाला तिथे हात वर करता येत नाही. जिल्हा परिषदेला आणि आपापल्या आमदाराला लेखी विचारण्यापासून मात्र त्याला कोणी अडवलेले नाही. आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होते, अंदाजपत्रक त्याच्या आधी बनते. पत्र २४ फेब्रुवारीच्या घोषणांनंतर टपालात पडले, तर माळी आणखी एक उन्हाळा येणार नाही.